पुराव्याअभावी निर्दोष

आपल्याकडे आजारांनाही प्रतिष्ठा असते. आजार किती गंभीर आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. आजार होऊन गेल्यावर दाखवायला काय उरतं, यावर ती ठरते. पित्ताशयातले खडे काढून घेतलेला माणूस ते इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून शोकेसमध्ये ठेवतो आणि पाहुण्याला चहाच्या आधी दाखवतो. मूतखडेवाल्याला आपल्या खड्याचं माप तोंडपाठ असतं आणि ते दर सांगण्यागणिक अर्धा एमएम वाढतं. बायपासवाला शर्टाचं वरचं बटण कायमचं सोडून देतो. अँजिओप्लास्टीवाल्याकडे सीडी असते. ती कुणाच्या घरी लागत नाही, कारण सीडी लावायचं यंत्रच आता कुणाकडे नाही, पण टीपॉयवर नुसती पडली तरी तिचं काम होतं. ‘दोन टाकलेत, तिसऱ्यासाठी जागा बघून ठेवलीय,’ असं तो म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला आपल्या निव्वळ बीपीची लाज वाटते.

माझ्याकडे यातलं काही नाही. मला एट्रियल फिब्रिलेशन आहे. खडा नाही, टाका नाही, सीडी नाही. नाव सांगितलं तर समोरचा ‘म्हणजे काय?’ विचारतो. ‘हृदयाचे ठोके अनियमित पडतात’ म्हणावं, तर ‘अहो, या वयात कुणाचे नियमित पडतात!’ म्हणतो आणि विषय त्याच्या गुडघ्यांकडे वळतो. त्यातून या आजाराचा स्वभाव असा की रात्री दोनला छातीत धुडगूस घालील, जिना चढताना घालील, मुंजीच्या पंगतीत जिलबी दुसऱ्यांदा आपल्या पानापर्यंत येत असताना घालील; पण डॉक्टरांच्या टेबलावर आडवं झालं की गायब. पुढे पुढे तो मुक्कामालाच येतो म्हणे. पण सुरुवातीला असा येऊन-जाऊन असतो. डॉक्टर त्याला पॅरॉक्सिस्मल म्हणतात. आमच्या घरात त्याला बराच काळ ‘यांचं काहीतरी’ म्हणत होते.

मी राहतो मिरजेत. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिशनचं इस्पितळ उभारलं, तेव्हापासून हे गाव पेशंटांच्या गर्दीला सरावलेलं आहे. इथे कुठल्याही बोळात शिरलं तर एक तर दवाखान्याची पाटी दिसते, नाहीतर तंबोऱ्याचा भोपळा. अशा गावात छातीत फडफडलं तर निदान व्हायला काय वेळ, असं परगावच्या माणसाला वाटेल. त्याला आपल्या घरांची रीत ठाऊक नाही. आपल्याकडे छातीतली कुठलीही तक्रार आधी गॅसेसच्या खात्यावर जमा होते आणि तिथून नामंजूर झाली तरच हृदयाकडे जाते. बायकोने ओवा आणि काळं मीठ पुढे केलं. धाकट्या मेहुण्याने फोनवरून आदल्या दिवशीच्या जेवणाची उलटतपासणी घेतली. ‘वाटाण्याची उसळ? तीही रात्री? मग काय!’ निकाल लागला. मावशींनी बेंबीभोवती हिंग लावायला सांगितलं. तो तान्ह्या बाळांना लावतात, हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती. ती दुसऱ्या कामात होती. ओवा खाल्ल्यावर अर्ध्या तासात फडफड थांबली. तशीही ती थांबणारच होती, पण श्रेय ओव्याला मिळालं ते मिळालंच.

खरी गंमत रात्री. डाव्या कुशीवर झोपलं की कान उशीवर दाबला जातो आणि आपलंच हृदय उशीतून ऐकू येतं. एरवी त्यात ऐकण्यासारखं काही नसतं. पण त्या रात्री ऐकावं तर: धड. धड-धड. मग काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’मध्ये माणूस विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते आठवून घेतो. मग धडधडधडधड, धड. कूस बदलली की ऐकू येणं थांबतं, पण कुतूहल थांबत नाही, म्हणून पुन्हा डावी कूस. शेवटी बायको म्हणाली, ‘अहो, एक तर झोपा, नाहीतर डॉक्टरांकडे जा. ही चाळवाचाळव नको.’

ईसीजी काढायला गेलो. ईसीजी काढणारा मुलगा मोबाइलवर बोलत बोलतच कामाला लागला. बनियन वर, पँट घोट्याच्या वर, हातापायांना चिमटे. मग छातीवर गार जेली लावून रबरी फुगे दाबायला सुरुवात केली. छातीवर केस असले की ते फुगे धरत नाहीत. चौथा बसवेपर्यंत दुसरा ‘फुस्स’ करून सुटतो. ‘काका, हलू नका, बोलू नका, श्वास नॉर्मल.’ श्वास नॉर्मल ठेवा म्हटलं की तो कसा घेतात हेच माणूस विसरतो. तरीही कागद बाहेर आला आणि त्यावर माझं हृदय शिस्तीत उभं होतं. ‘फर्स्ट क्लास आहे,’ मुलगा म्हणाला. मला पन्नास टक्के आनंद झाला. ‘काका, याची झेरॉक्स मारून ठेवा. हा कागद उन्हानं उडतो.’ म्हणजे इतक्या खटपटीने मिळालेला पुरावा, तोही माझ्या विरुद्धचा, काही महिन्यांत कोराच होणार होता.

मी विज्ञानाचा निवृत्त मास्तर. त्या यंत्रावर रागावणं मला जमत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधल्या लायडन गावात विलेम आइन्थोव्हेन यांनी त्याचा पूर्वज बनवला, तेव्हा त्याचं वजन अडीचशे किलोंच्या वर होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. पेशंटने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसायचं. पेशंट इस्पितळात आणि यंत्र दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत. यंत्र हलेना, पेशंट हलवू देईनात. तेव्हा १९०५ साली आइन्थोव्हेनसाहेबांनी टेलिफोनच्या तारेवरून नुसते ठोकेच मागवून घेतले. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं, ते योग्यच झालं. १९०९ साली लंडनच्या थॉमस लुईस यांनी याच यंत्राने माझा हा आजार कागदावर पकडला. म्हणजे तो पकडला जातो. फक्त माझा पकडला जात नव्हता.

मग होल्टर लावला. हे एक छोटं यंत्र चोवीस तास कमरेला बांधायचं, तारा छातीला चिकटवायच्या आणि अंघोळ करायची नाही. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ते पहिल्यांदा स्वतःच्या पाठीवर घेतलं, तेव्हा त्याचं वजन ३८ किलो होतं. त्या मानाने माझं मोबाइलच्या चार्जरएवढं. सोबत एक तक्ता मिळतो. त्यात किती वाजता काय केलं आणि तेव्हा काय जाणवलं, हे लिहायचं असतं. माझ्यातला मास्तर जागा झाला. ‘सकाळी ७.१०: चहा. काही जाणवलं नाही. ९.१५: भाजीच्या खर्चावर पत्नीशी चर्चा. जाणवायला हवं होतं, पण नाही. दुपारी १: वाटाण्याची उसळ (मुद्दाम). काही नाही. ४.३०: जिना तीनदा चढलो-उतरलो. गुडघे दुखले.’ संध्याकाळी तर मी पाकिस्तानबरोबरचा जुना क्रिकेट सामना शोधून, शेवटची षटकं लावून बसलो. हृदयाला निकाल आधीच ठाऊक असावा. ते ढळलं नाही. दुसऱ्या दिवशी होल्टर काढून दिला, अहवाल ‘नॉर्मल’ आला, आणि रिक्षात बसतो तोच आत धडधडाट सुरू झाला.

इथवर घरात माझी पत घसरलेलीच होती. ‘निवृत्त झाले की होतं असं. वेळ जात नाही,’ असं मेहुणा माझ्यासमोरच बायकोला म्हणाला. पुण्याच्या मुलाने मात्र बापावर विश्वास टाकला आणि ईसीजी काढणारं मनगटी घड्याळ पाठवलं. अशा घड्याळाला अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळाली. दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या किल्लीवर तीस सेकंद टेकवायचं, की झालं. आइन्थोव्हेनची तीन भांडी, पाच माणसं आणि दीड किलोमीटर तार एवढ्याशा डबीत बसली होती. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आधी स्वतःचे ईसीजी काढून घेतले. प्रत्येकाचा ‘सायनस ऱ्हिदम’, म्हणजे ठीक. मेहुण्याने दोनदा काढला आणि दोन्ही वेळा ‘बघा!’ म्हणून माझ्याकडे पाहिलं. घड्याळ तसं हुशार, पण हळवं. देवापुढे नारळ फोडला की लगेच ‘तुम्ही पडलात असं दिसतं’ म्हणून चौकशी करायचं.

अखेर पुरावा मिळाला तो बँकेत. नोव्हेंबर महिना, हयातीच्या दाखल्याची रांग. पेन्शनर मंडळी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायला काउंटरच्या पुढे तिष्ठत होती. अंगठा लावायच्या यंत्राने माझा अंगठा एकदा नाकारला, दुसऱ्यांदा नाकारला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘काका, बोट जरा पुसून घ्या, रेघाच उमटत नाहीत तुमच्या.’ आणि नेमकं तेव्हाच छातीत सुरू झालं. मी रांगेतून न हलता किल्लीवर बोट टेकवलं. तीस सेकंद गेली, घड्याळाने स्पष्ट इंग्रजीत ‘एट्रियल फिब्रिलेशन’ लिहिलं, आणि इतक्या दिवसांनी खरं ठरल्याच्या आनंदात मी मागच्या अनोळखी पेन्शनराला ते दाखवलं. ते म्हणाले, ‘अभिनंदन. माझा नंबर घालवू नका.’ तिसऱ्यांदा अंगठा लागला आणि मी एकाच वेळी हयात आणि आजारी ठरलो.

तिथून तडक दवाखान्यात गेलो, आणि या खेपेला कागदावरही सापडला. ज्या डॉक्टरने तो वाचला तो माझा विद्यार्थी. आठवीत त्याने काढलेल्या हृदयाच्या आकृतीला मी दहापैकी चार दिले होते. माझं मत अजूनही तेच आहे. ‘सर, बसा,’ तो म्हणाला आणि कागदाच्या मागच्या बाजूला त्याने हृदय काढलं. डावी-उजवी बाजू या वेळी बरोबर होती.

त्याने जे सांगितलं ते मास्तरकी भाषेत असं. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो, एसए नोड. हुकूम तिथून सुटतो. १९०७ साली आर्थर कीथ आणि त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांना तो सापडला. फ्लॅक तेव्हा एका चिचुंद्रीच्या जातीच्या प्राण्याचं, मोलचं, हृदय तपासत बसला होता. नोडने हुकूम द्यायचा, वरच्या दोन्ही कप्प्यांनी तो पाळायचा, मग खालच्यांनी. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांची गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा होते. अध्यक्ष खुर्चीत असतात, पण त्यांचं कुणी ऐकत नाही. पाण्याच्या टाकीचा विषय निघालेला असताना पार्किंगवाले उठतात, त्यांच्यावर गळतीवाले ओरडतात, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे ठराव मांडले जातात आणि मंजूर एकही होत नाही. वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात. हे सगळं खाली पोहोचलं असतं तर माणूस जागीच आटोपला असता. पण मधे एव्ही नोड नावाचा सेक्रेटरी बसलेला असतो. तो बरेचसे अर्ज फायलीत दाबून ठेवतो आणि मनाला येईल तेव्हा एकेक खाली सोडतो. म्हणून खालचे ठोके पडतात, पण कसेही पडतात. या सेक्रेटरीचा शोध जर्मनीत शिकायला गेलेल्या सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरांनी १९०६ साली लावला. अर्ज दाबणाऱ्या माणसाचं महत्त्व जगाला पटवून द्यायला जपानी शिस्तीचा माणूस लागावा, हे मला फार आवडलं.

‘सर, ठोके नुसते अनियमित नाहीत, त्या अनियमितपणालाही नियम नाही,’ डॉक्टर म्हणाला. हे आमच्या गल्लीतल्या तबलजींनी आधीच सांगितलं होतं. त्यांनी माझं मनगट धरून, डोळे मिटून, दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरायचा प्रयत्न केला होता. झपताल म्हणावा तर दोन मात्रा उरतात, रूपक म्हणावा तर अर्धी कमी पडते. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, ‘सर, याला समच नाही हो.’ आणि मनगट घाईने परत केलं. एका वैद्यबुवांनीही नाडी पाहिली होती. शार्ङ्गधर संहितेत वाताची नाडी साप-जळवेच्या चालीची, पित्ताची कावळ्या-बेडकाच्या आणि कफाची हंस-पारव्याच्या चालीची सांगितली आहे. त्यांना माझ्या नाडीत हे सगळेच पळताना आढळले.

आजार सिद्ध झाला, आता इलाज दिसेल, असं घरच्यांना वाटलं. तिथे पुढची निराशा होती. ठोक्यांसाठी म्हणून एक गोळी मिळाली, पण डॉक्टरचा सगळा जोर दुसऱ्याच गोळीवर, आणि ती हृदयाची नाही, रक्ताची. वरचे कप्पे नुसते थरथरतात, तेव्हा डाव्या कप्प्याला लागून असलेल्या एका पिशवीत रक्त साचतं, साचलं की त्याची गुठळी होते, आणि ती सुटली की थेट मेंदूकडे. या आजारात लकवा मारण्याचा धोका पाचपट होतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी. ती द्यायची की नाही हे गुणांवर ठरतं. हे ऐकून मी ताठ बसलो. पासष्टी उलटली की एक गुण, पंच्याहत्तरी उलटली की दोन. बीपीचा एक, मधुमेहाचा एक, हृदय कमजोर असेल तर एक, आधी लकवा होऊन गेला असेल तर दोन. मला वयाचा एक आणि बीपीचा एक. आयुष्यभर मुलांना गुण वाढवा म्हणून ओरडलेल्या मास्तरला आता एकेक गुण कमी कसा होईल याची चिंता. ‘आणि काकू, बाई असल्याचा एक गुण असतो,’ डॉक्टरने माहितीखातर सांगितलं. बायको खूश झाली. बाई असल्याबद्दल तिला आजवर कुणी काही दिलं नव्हतं. तो पुढे म्हणाला, ‘पण २०२४ साली युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी तो काढून टाकलाय.’ ‘वाटलंच मला,’ बायको म्हणाली.

गोळीचा त्रास असा की ती काम करते तेव्हा काहीच होत नाही. ते काहीच न होणं हाच तिचा गुण. हे घरात समजावून बघा. ‘इतकी महागाची गोळी, दिवसातून दोनदा. फरक काय पडला?’ ‘लकवा झाला नाही.’ ‘तो शेजारच्या आप्पांनाही झाला नाही. ते तर काहीच घेत नाहीत.’ यावर उत्तर नाही. आप्पा मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मी अॅस्पिरिन घेतो की. तेही रक्त पातळच करतं. तेच घ्या, स्वस्तात काम.’ हे इतक्या जणांनी सांगितलं की मी डॉक्टरला विचारलं. या आजारातल्या गुठळीपुढे अॅस्पिरिनचं फारसं चालत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र राहतो. आप्पांना ते जाऊन सांगितलं. त्यांना राग आला.

आमच्या मावशी या प्रांतातल्या ज्येष्ठ. त्यांना लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला, त्यात हृदयाची झडप आक्रसली, आणि त्यांचे ठोके माझ्या कितीतरी आधीपासून बिघडलेले. त्यांना माझी नवी गोळी चालत नाही. अशा झडपेच्या रुग्णांसाठी जुनं वॉरफरिनच बरं, हे २०२२ साली एका मोठ्या चाचणीने दाखवून दिलं, आणि आपल्या देशात असे रुग्ण भरपूर. त्यामुळे मावशींचा दर दोन-चार आठवड्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, काढतात. तो दोन ते तीनमध्ये लागतो. माझा काढायची गरजच नसते, म्हणून माझ्याकडे सांगायला आकडा नाही. मावशी फोनवर प्रकृती विचारण्याआधी ‘माझा अडीच आला’ असं जाहीर करतात आणि मग करुणेने विचारतात, ‘तुझं काय रे?’

या वॉरफरिनची जन्मकथा मी मावशींना सांगितली, ती त्यांनी आता आपल्या नावावर लावली आहे. १९३३च्या कडाक्याच्या थंडीत, बर्फाच्या वादळातून विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये तिचं न गोठणारं रक्त घेऊन मॅडिसनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन त्याची जनावरं रक्त वाहून मरत होती. त्या चाऱ्यातून निघालेल्या पदार्थावरून पुढे वॉरफरिन बनलं आणि १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आलं. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही ते दिलं. ‘मी जे औषध घेते,’ मावशी हळदीकुंकवात सांगतात, ‘ते अमेरिकेचे अध्यक्ष आणि उंदीर दोघंही घेतात.’

वॉरफरिनवाल्यांना पालेभाजीचं पथ्य असतं, कारण हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या उलट काम करतं. तेही ‘खाऊ नका’ असं नव्हे. रोज साधारण सारखंच खा, एक दिवस पेंडी आणि दहा दिवस उपास असं करू नका, एवढंच. माझ्या गोळीला तेवढंही नाही. पण पथ्य संसर्गजन्य असतं. मावशींची मेथी आमच्या घरी बंद झाली. मग पालक, मग शेपू, आणि शेवटी आमटीवरची कोथिंबीर. डॉक्टरने स्वतः फोन करून सांगितलं, ‘काकू, सरांना चालतं सगळं.’ ‘तो लहान आहे अजून,’ बायको फोन ठेवून म्हणाली. जो माझ्या हृदयाचा कारभार बघतो, त्याच्या हाती माझी कोथिंबीर सोपवायला ती तयार नव्हती.

एक मात्र झालं, दाखवण्याजोगी खूण मिळाली. रक्त पातळ झालं की कुठेही जरा लागलं तरी काळंनिळं होतं. बसच्या दांडीला कोपर लागलं, निळं. कपाटाचं दार, निळं. उन्हाळ्यात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून फिरायला निघालो की शेजारच्या काकू आधी माझ्या हातांकडे आणि मग आमच्या दाराकडे बघायच्या. एक दिवस त्यांनी बायकोला हलक्या आवाजात विचारलं, ‘सर निवृत्त झाल्यापासून घरात सगळं ठीक आहे ना?’ तेव्हापासून मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो. बायकोचीच सक्ती. गल्लीतल्या न्हाव्यानेही गोळीचं नाव ऐकून वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, ‘सर, दाढी तुमची तुम्ही करा. केसांचं मी बघतो.’

पुढच्या भेटीत डॉक्टरने विचारलं, ‘सर, घोरता का?’ मी ‘नाही’ म्हणालो. बायको इतकी हसली की बाहेरच्या बाकावरचे पेशंट डोकावले. घोरण्यात श्वास अडकतो, प्राणवायू कमी पडतो आणि हृदयाचे वरचे कप्पे चिडतात. या आजारामागे ते कारण अनेकदा असतं. बायकोची चाळीस वर्षांची तक्रार वैद्यकशास्त्राने एका वाक्यात दाखल करून घेतली. त्या दिवशी परत येताना तिने रिक्षावाल्यालाही ते सांगितलं. पाठोपाठ वजन. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये २०१५ साली दिसून आलं की दहा टक्के वजन उतरवून ते टिकवलं तर हा त्रास बराच आटोक्यात राहतो. दहा टक्के ऐकायला सवलत वाटते. माझ्या बाबतीत ते आठ किलो भरतात, आणि चितळे बंधूंपासून बासुंदीपर्यंत त्यांचे कबजेदार बसलेले आहेत.

एवढं करूनही सभा भरतच राहिली. तेव्हा डॉक्टरने पुण्याला पाठवलं, अॅब्लेशनसाठी. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्डोच्या मिशेल हाइसागेर यांनी दाखवून दिलं की गोंधळ घालणारे बहुतेक मूळचे वरच्या कप्प्यांतले नसतातच. फुप्फुसांकडून येणाऱ्या चार रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी बसून ते ठिणग्या टाकतात. त्या तोंडांभोवती जाळून किंवा गोठवून कडं केलं की आरडाओरडा आत येत नाही. जांघेतल्या शिरेतून नळी वर न्यायची, मधला पडदा भेदायचा आणि एक फुगा नेऊन वाहिनीच्या तोंडाशी फुगवायचा. फुगा गार करायला नायट्रस ऑक्साइड वापरतात. मी उडालोच. ‘म्हणजे लाफिंग गॅस? मी तो पंचवीस वर्षं शिकवलाय.’ तिथले डॉक्टर म्हणाले, ‘हो, पण तो फुग्यातच राहतो. तुम्हाला हसू येणार नाही.’ आलंही नाही. नंतर कित्येक तास पाय सरळ ठेवून पाठीवर पडायचं, जांघेवर वाळूची पिशवी, आणि हलायचं नाही. त्याच वेळी नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. मेहुणा भेटायला आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला. ‘म्हणजे गॅसनेच बरं झालं ना? मी पहिल्या दिवसापासून गॅस म्हणत होतो.’

आता ठोके बरे आहेत. सुरुवातीचे काही आठवडे अधूनमधून फडफडलं. ते हिशेबात धरत नाहीत म्हणे, जखम भरेपर्यंत असं होतंच. पुढे परत उद्भवणार नाही याची हमी कुणी दिलेली नाही, काहींना ते पुन्हा करावंही लागतं. ऑपरेशन झालं म्हणून लोक भेटायला येतात, मोसंबी ठेवतात आणि इकडे-तिकडे बघत विचारतात, ‘टाके कुठे घातले?’ एक बारीक ठिपका आहे. पण तो जांघेत आहे.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरने ईसीजी पाहिला आणि ‘सर, दहापैकी दहा,’ म्हणाला. तो चार अजून विसरलेला नाही. बायकोने लगेच पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

‘मग हे आता बंद ना? ठोके तर सुधारले.’

‘नाही काकू. ठोके सुधारले, पण गुण तेच राहतात ना. बीपी आहे, वय आहे. आणि ठोके पुन्हा कधी गुपचूप बिघडले तर कळायचंही नाही. गोळी चालूच ठेवायची.’

‘पण कधीपर्यंत?’

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पाकीट परत तिच्या पिशवीत ठेवत म्हणाला, ‘सरांचं वय कमी होईपर्यंत.’